नाण्याएवढी बॅटरी

बुधवारी सकाळी डोंगरातल्या इचुपाता गावच्या शाळेतला सर्व्हर चालू झाला, त्याचा हिरवा दिवाही लागला, पण मुलांचे लॅपटॉप त्याला विचारेनात.

लॅपटॉप एकतीस होते. चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना मुदत घालून दिलेली होती. महिन्यातून एकदा तरी शाळेच्या सर्व्हरकडून मुदत वाढवून घ्यायची. नाही घेतली तर लॅपटॉप आपोआप कुलूपबंद. ही मुदत शुक्रवारी संपत होती. एकदा बंद पडले की खेचरांवर लादून शहरात पाठवायचे. खालच्या वाडीतले चौदा गेल्या वर्षी असेच गेले आणि सात महिन्यांनी परत आले. तेही अकराच.

शाळेत शिक्षक दोन. वरच्या वर्गांना लिबोरियो गुरुजी आणि खालच्यांना ग्लादिसबाई. सर्व्हर गुरुजींच्या गळ्यात पडला होता, कारण चार वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात शेवटपर्यंत जागे राहिलेले ते एकटेच होते. आता ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. ऑगस्टमध्ये त्यांची बायको बेनिता गेली. तेव्हापासून ते शाळेत वेळेवर येत, वेळेवर जात आणि मधल्या वेळात कुणाशी फारसं बोलत नसत.

फोनला रेंज मिळायची ती फक्त मैदानाच्या वरच्या गोलपोस्टपाशी. गुरुजी तिथे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी शहरातल्या विल्बेर इंजिनिअरला फोन लावला.

"सर, यूपीएस चालू आहे ना?"

"सोमवारी वीज पडली, त्यात तो जळाला. थेट भिंतीतून वीज घेतलीय."

"मग सर्व्हरची तारीख बघा आधी."

गुरुजी धावत खाली आले. सहावीतल्या योवानाच्या लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये शिरले आणि पुन्हा धावत वर गेले. धाप लागली होती.

"एक जानेवारी दोन हजार."

"झालं! तो मुदत देतोय दोन हजार सालची. लॅपटॉप म्हणतात, ही तर कधीच संपली. हाताने तारीख घाला. मग मुदतीचे नवे परवाने तयार व्हायला त्याला तास-दीड तास लागेल. म्हातारं यंत्र आहे, घाई करू नका."

गुरुजींनी तारीख घातली. वीस मिनिटांत वीज गेली. परत आली तेव्हा सर्व्हर पुन्हा दोन हजार सालात, आणि झालेलं काम त्याने टाकून दिलेलं. पुन्हा तारीख घातली. या वेळी चाळीस मिनिटं टिकली. नोव्हेंबरात डोंगरावर गडगडायला लागलं की वीज दिवसातून दहा वेळा जाते.

"अशाने जमायचं नाही, सर," पुन्हा वर जाऊन फोन लावल्यावर विल्बेर स्पीकरवरून म्हणाला. "आतली बॅटरी संपली असणार. नाण्याएवढी, चपटी. वीज गेली तरी ती घड्याळ चालू ठेवते. ती बदला, म्हणजे जिथे थांबला तिथून तो पुढे जाईल."

"रस्ता बंद आहे. खाणवाल्यांविरुद्ध संप चाललाय. सोमवारपर्यंत गाडी नाही."

"गावात असेल कुणाकडे. गाडीच्या रिमोटमध्ये असते."

"इथे खेचरं आहेत रे बाबा. त्यांना रिमोट नसतो."

विल्बेर हसला. गुरुजींनी निरोप न घेताच फोन बंद केला.

ते खाली आले तोवर मैदानावरच्या पोरांनी बॅटरीचं बोलणं खाली पोचवलं होतं आणि ग्लादिसबाईंनी सुरीने स्क्रू काढून सर्व्हर उघडला होता.

"सर, इकडे या. बॅटरी संपलेली नाही. बॅटरीच नाही! हे बघा, खिळ्याने उचकटल्याचे ओरखडे. कसला चोर म्हणायचा हा? अख्खा पेटारा सोडून बटण पळवलं!"

गुरुजी टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागले.

"योवानाच असणार. तिला दिसेल ते उचकटायची खोड आहे. परवा माझं पेन उघडून बसली होती. थांबा, बोलावतेच तिला. आज आईसमोर कान पिळते."

"तिला नको बोलावू."

"का नको? एकतीस पोरांचं नुकसान..."

"मी काढली."

ग्लादिसबाईंच्या हातात सुरी तशीच राहिली.

"जुलैत बेनिताचं साखर मोजायचं यंत्र बंद पडलं," गुरुजी म्हणाले. "तेव्हाही रस्ता बंद होता, दरड आली होती. तशीच बॅटरी सर्व्हरमध्ये आहे हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात दाखवली होती. पण शाळेची वस्तू, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. इन्शुलिन अंदाजानेच देत राहिलो. तिसऱ्या दिवशी काढली, सर्व्हर चालू असतानाच. तो बंद केला तर पुन्हा चालू करता येईल की नाही, याची भीती होती. पुढे यूपीएस होता तोवर तो बंद पडलाच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही."

"मग?"

"मोजलं तर साखर अडतीसवर उतरलेली. ती तेव्हा नीट बोलतसुद्धा नव्हती. पुढे दवाखाना. पुढचं तुला माहीतच आहे."

बाहेर पोरं चेंडू खेळत होती. ग्लादिसबाईंनी सुरी टेबलावर ठेवली.

"ते यंत्र आता कुठंय? धुण्याच्या दिवशी तर सगळं दिलं म्हणाला होतात."

इचुपातात माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी त्याचे सगळे कपडे आणि वापरातल्या वस्तू ओढ्यावर नेऊन धुतात आणि जुनं तिथेच जाळतात. काही मागे ठेवायचं नसतं. ठेवलं तर गेलेला जीव वाटेत घुटमळतो. बेनिताच्या मोठ्या बहिणीने, होर्तेन्सियाने, त्या दिवशी एकेक वस्तू मोजून घेतली होती. "एवढंच ना, दाजी?" असं दोनदा विचारलं होतं. गुरुजींनी दोन्ही वेळा "एवढंच" म्हणून सांगितलं होतं.

"हे दिलं नाही," ते म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी बियाण्याच्या बटाट्यांच्या पोत्यामागून लोकरीचा मोजा काढला आणि त्यातून यंत्र. बटण दाबलं. शेवटचा आकडा आला. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. रोज संध्याकाळी ते हेच करत. अडतीस. मग मधले दोन दिवस काहीच नाही. मग एकशे सत्याऐंशी, दोनशे बारा, एकशे चाळीस. एकशे चाळीसच्या दिवशी बेनिता चांगली होती, मक्याचं सूप करून शेजारी वाटून आली होती. जुलैत बॅटरी बदलली तेव्हा आकडे राहिले होते, तरी आता ती काढली की हे सगळं पुसलं जाणार असं त्यांना वाटत होतं. खरंच जाणार की नाही, हे विल्बेरला विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. आकडे लिहूनही घेतले नाहीत. ते त्यांना पाठ होते.

मग त्यांनी बॅटरी उचकटून काढली. खिळा तोच होता.

बॅटरी बसवून त्यांनी तिसऱ्यांदा तारीख घातली. दोन वाजता वीज गेली. ग्लादिसबाई आणि ते अंधाऱ्या खोलीत बसून राहिले. वीज आली. योवानाने आपला लॅपटॉप उघडला.

"गुरुजी, आजचीच तारीख आहे!"

"नीट बघ. साल बघ."

"साल पण बरोबर आहे. यात बॅटरी कुणी घातली?"

"जिने काढली नव्हती तिने कुणी घातली ते विचारू नये," ग्लादिसबाई म्हणाल्या. "बस खाली. आणि माझ्या पेनाची स्प्रिंग उद्या आण."

शाळा सुटेपर्यंत तेवीस लॅपटॉपांना मुदत मिळाली. उरलेले आठ गुरुवारी दुपारपर्यंत झाले. गुरुजींनी हजेरीच्या वहीत एकतीस नावांपुढे खुणा केल्या. ग्लादिसबाईंनी वही तपासली आणि परत दिली. बॅटरीबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

गुरुवारी घरी न जाता गुरुजी होर्तेन्सियाच्या दारात गेले. ती अंगणात बटाटे सोलत होती. त्यांनी यंत्र तिच्यापुढे धरलं.

"हे राहिलं होतं."

तिने हात घागऱ्याला पुसले, यंत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. बटणही दाबलं. काही दिसलं नाही. रागावेल असं त्यांना वाटलं होतं, तशी ती रागावली नाही.

"हे धुवायचं कसं, दाजी?"

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर आणलं."

तिने बटाट्यांची परात बाजूला सारली आणि उठली. दोघं ओढ्याच्या वाटेला लागले.