एकट्याला जमतं

मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची आणि चादर ताणून एक झटका द्यायचा, म्हणजे सुरकुत्या पळतात. मग टोकाला टोक जुळवून एकमेकांकडे चालत यायचं. मध्ये भेट झाली की एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, वाकून खालची कड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. अशा तीन भेटी झाल्या की घडी तयार.

इस्पितळाच्या धुलाईघरात तो हे काम अकरा वर्षं करत होता. वय एक्केचाळीस. त्याच्या घड्या इतक्या चौकोनी असत की तिथे सगळे त्याला काटकोन म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. त्याला ते नाव आवडे, कारण ते खरं होतं.

त्यातली सात वर्षं समोरची दोन टोकं रफूवालीच्या हातात असायची. ती खिडकीशी बसून फाटक्या चादरी रफू करी. अकरा वाजले की सुई टाचण्यांच्या छोट्या उशीत टोचून उठायची आणि म्हणायची, "चला काटकोन." एक वाजेपर्यंत दोघं घड्या घालत.

कोणी न सांगता खांद्यावर हात ठेवला, तर ती जागा त्याला दिवसभर भाजल्यासारखी वाटे. चादरीतला स्पर्श मात्र लांबून येताना दिसायचा. सहा पावलं, पाच, चार. मग तिची बोटं टोकांसकट त्याच्या तळहातावर टेकत, मध्ये कापड असे, आणि ती परत जात. तिचं बोलणंही त्याला झेपायचं, कारण बोलताना ती चादरीकडे बघायची.

"आई आता टीव्ही इतक्या मोठ्याने लावते," ती सांगायची, "की शेजारी त्यांच्याच घरात बसून आमच्या बातम्या ऐकतात."

तो यावर एक अख्खी चादर विचार करी आणि पुढच्या चादरीला म्हणे, "मग त्यांची वीज वाचत असेल."

ती हसत हसत टोकं सोडायची. त्यात हसण्यासारखं काय होतं हे त्याला कळत नसे, पण ती हसली की पुढची सहा पावलं जरा हलकी पडत.

त्याला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. ते ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, "म्हणजे भावजी मुद्दाम करत नव्हते," आणि डोळ्यांना पदर लावला होता. धुलाईघरात ही गोष्ट फक्त मुकादमांना माहीत होती. रफूवालीला त्याने सांगितलं नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

मग घड्या घालायचं यंत्र आलं. एका बाजूने चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने घडी बाहेर. रफूवालीला वरच्या मजल्यावर शिवणखोलीत पाठवायचं ठरत होतं. मुकादम मनाने चांगला माणूस. ही जोडी मोडू नये असं त्यांना वाटत होतं. वरचे साहेब पाहणीला आले तेव्हा मुकादम म्हणाले, "साहेब, ऑपरेशनच्या मोठ्या चादरी यंत्रात जात नाहीत. त्यांच्या घड्या हातानेच घालायच्या. त्याला दोन माणसं लागतातच. काय काटकोन, लागतात ना?"

आणि साहेबांच्या पाठीमागून त्यांनी एक डोळा मिटला. काटकोनाला वाटलं, डोळ्यात कापसाची बारीक धूळ गेली असेल. तिथे ती सतत उडते.

प्रश्न सरळ होता. त्याने नीट विचार करून उत्तर दिलं. "नाही. एकट्याला जमतं. लांब टेबलावर पसरून. यांची आई आजारी होती तेव्हा या अकरा दिवस रजेवर होत्या. मी एकट्याने घातल्या. रोज चाळीस."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मुकादमांनी कपाळाला हात लावला. खिडकीशी रफूवाली बसलेली होती. अकरा वाजायला बराच वेळ होता, तरी तिने सुई उशीत टोचली आणि ती उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी तिची खुर्ची नव्हती.

मोठ्या चादरींच्या घड्या तो टेबलावर घालू लागला. जमत होतं. घड्या पूर्वीइतक्याच चौकोनी होत. पण अकरा वाजले की त्याचे हात थांबत आणि तो समोर बघत राही. समोर भिंत होती, भिंतीवर आग विझवायची लाल नळी होती. तो सहा पावलं चालून नळीपर्यंत जाई आणि परत येई.

चौथ्या दिवशी त्याने जेवण अर्धं टाकलं, तेव्हा वहिनींनी विचारलं. त्याने झालेलं सगळं बोलणं शब्द न शब्द सांगितलं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तिच्या तोंडावर तुम्ही म्हणालात की तिची गरज नाही."

"मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, एकट्याला जमतं."

"तिला तेच ऐकू आलं असणार."

"पण जमतं, वहिनी."

"जमतं हो. तुम्हाला एकट्याला घड्या घालायच्या आहेत का?"

हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याने ताटातला घास बाजूला सरकवला. "नाही," तो म्हणाला.

"मग हे तिला कोण सांगणार? मी?"

"तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं होईल."

वहिनींना हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांनी वाळलेल्या कपड्यांतून पलंगपोस ओढला. "या, तोवर माझ्याबरोबर घडी घाला."

त्याने टोकं धरली. वहिनी चार पावलांत पोचल्या, टोकं बोटभर खाली-वर, आणि सगळा वेळ त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो "थँक्यू" म्हणाला. त्या स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने पलंगपोस उलगडून पुन्हा घडी घातली.

"दिसलं हं मला," आतून आवाज आला.

शिवणखोलीत नऊ यंत्रं होती. जिन्याच्या मधल्या वळणावरच तो आवाज दातांत शिरायचा. त्या आठवड्यात तो तीनदा वळणापर्यंत गेला आणि तीनदा खाली आला. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला तिचा चेहरा आठवायचा नाही. तो त्याने नीट पाहिलाच नव्हता. आठवायचे ते तिचे हात. उजव्या तर्जनीवर सुईचे बारीक टोचे, डाव्या मनगटावर सैल घड्याळ. टोकं देताना ते घड्याळ खाली घसरायचं. कधीकधी झोपेत त्याचा तळहात उघडा राही.

मग मुकादमांकडून त्याला कळलं की एक वाजता वरची यंत्रं थांबतात.

नवव्या दिवशी तो एक वाजायला पाच मिनिटं असताना वळणावर जाऊन कान दाबून उभा राहिला. यंत्रं थांबली. तो वर गेला. दारात पोचला तेव्हा बायका डबे उघडत होत्या.

"अगं रफूवाली," एकीने हाक मारली, "तुझा काटकोन आलाय. बघ, कुठे सुरकुती पडलीये का."

सगळ्या हसल्या. रफूवाली हसली नाही. त्याने दाराच्या चौकटीत एक गंजका स्क्रू शोधला आणि त्याच्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. वाक्य त्याने पाच दिवस घासूनपुसून तयार केलं होतं.

"एकट्याला जमतं. पण मला एकट्याने घड्या घालायच्या नाहीत. मला तुमच्याबरोबर घालायच्या होत्या."

खोलीत डब्यांचा आवाज थांबला.

"हे त्या दिवशी बोलायचं होतं ना," रफूवाली म्हणाली.

"त्या दिवशी मुकादमांनी हे विचारलं नव्हतं."

"मला वाटलं, माझी ब्याद टळली म्हणून तुम्हाला बरं वाटलं. सात वर्षं बडबड ऐकून कान किटले असतील."

"नाही. तुम्ही बोलता तेव्हा मी मोजत नाही. एरवी मी सारखा मोजतो."

"आता मी इथली झाले," ती म्हणाली. "खाली यंत्र आहे. साहेबांनी सही केलीये. आता काही बदलायचं नाही."

"मला माहीत आहे."

"मग कशाला आलात?"

"तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून."

ती मांडीवरच्या कापडाचा सुटलेला दोरा ओढत राहिली. दोरा लांबत गेला. "तुम्ही पाचला सुटता," ती म्हणाली.

"पाचला. पाच दहाची बस."

"मी साडेपाचला."

तो पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. पुढचं वाक्य आलं नाही. शेवटी पांढऱ्या केसांची एक बाई लोणच्याची बरणी ठेवत म्हणाली, "अहो, ती थांबा म्हणतेय."

"त्या तसं म्हणाल्या नाहीत."

"थांबलात तर चालेल," रफूवाली मान वर न करता म्हणाली. कानाची पाळी लाल झाली होती. ती त्याला दिसली, पण तिचं काय करायचं ते त्याला कळलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरला.

पाच वाजता तो फाटकाबाहेरच्या थांब्यावर गेला. पाच दहाला बस आली आणि नेहमीप्रमाणे मधलं दार बरोबर त्याच्यासमोर उघडलं. डावीकडची तिसरी खिडकी रिकामी होती.

"चला," ड्रायव्हर म्हणाला.

"आज नाही."

"का, बरं नाही का?"

"बरं आहे. मला थांबायचं आहे."

"कोणी येणार आहे वाटतं."

काटकोनाने विचार केला. थांबलात तर चालेल, एवढंच ती म्हणाली होती. मी येईन असं त्यात नव्हतं. त्याने ते मनात चार वेळा उलगडून पाहिलं, पण जास्त काही निघालं नाही.

"येतील किंवा येणार नाहीत," तो म्हणाला. "साडेपाचला कळेल."

ड्रायव्हरने खांदे उडवले आणि दार मिटलं. आपली खिडकी आपल्याशिवाय जाताना काटकोनाने अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिली. बस वळणाआड गेल्यावर तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. कोणी बाहेर आलं की तो आधी हातांकडे बघत होता.