बाझिलमहाराजांची स्वारी

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाचा केक कापताना ओदेतने यंदाही लबाडी केली. आतली चिनी मातीची इवली बाहुली सुरीला लागली की तो तुकडा धाकट्या भावाच्या ताटात सरकवायचा, हे ती आई गेल्यापासून करत आली होती. बाहुली ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा. कुठला तुकडा कुणाला, हे टेबलाखाली बसून सांगायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाचं. बाझिल पन्नाशी उलटलेला, गुडघे करकरणारा, पण लहान तोच. "हा ओदेतला!" तो खालून ओरडायचा, आणि तरी दरवर्षी राजा आपणच कसे होतो, याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. देवाने त्याला बुद्धी देताना हात आखडता घेतला खरा. माया देताना मात्र अख्खी ओंजळ रिकामी केली.

राजा झालं की सोनेरी कागदाचा मुकुट घालायचा आणि नदीकाठच्या किल्ल्याची पाहणी करायची, हा महाराजांचा शिरस्ता. आज मात्र गाडीच्या डिकीत त्याच्या कपड्यांची बॅग होती. किल्ल्यातून निघाल्यावर त्याला पुलापलीकडच्या, अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत कायमचं सोडायचं होतं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. बाहेर पडायच्या आत सांगायचंच, असं ओदेत मनाशी घोकत आली होती.

तिकीट खिडकीतल्या पेरीनबाई उठून उभ्या राहिल्या. "आले का महाराज! राजाला कसलं तिकीट? राजाच्या बहिणीला मात्र पडेल हं."

"तिलापण सोडा. ती माझी स्वयंपाकीण आहे."

"स्वयंपाकीण म्हणे! आणि काल सूप खारट झालं म्हणून कोण रुसलं होतं?" ओदेत हसली आणि तिने आपल्या तिकिटाचे पैसे मोजले.

त्याने दालनामागून दालन तपासलं. चुलाणात लाकडं कमी म्हणून पहारेकऱ्याला दंड केला, लगेच माफही केला. किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात ओदेत गुडघे टेकून बसली. 'बापा, धीर नको देऊस, नुसते शब्द दे.' तिचं मागणं पुरं व्हायच्या आतच शेजारी बाझिल मोठ्याने म्हणाला, "आमेन!"

बागेत कातरलेल्या झुडपांच्या चौकोनांत थंडीने जांभळे पडलेले चार कोबी तेवढे उरले होते. खाली ल्वार नदी गढूळ होऊन काठच्या झाडांच्या कमरेपर्यंत चढली होती. ओदेत बाकावर बसली.

"महाराज, आपल्याला नवा महाल मिळालाय. पुलापलीकडे. तिथं कोंबड्यासुद्धा आहेत."

"कोंबड्या? अंडी मी काढणार!" मग तो थबकला. "तुझी खोली कुठली?"

"माझी नाही तिथं."

 बाझिलने मुकुट काढला, घडी करून तिच्या पर्समध्ये खुपसला. "मग मी राजा नाही. मी नुसता बाझिल. चल घरी."

गल्लीतल्या पोरांनी हैराण केलं तेव्हाही त्याने राजेपण सोडलं नव्हतं.  आता खेळाच्या आडोशाने बोलण्यात अर्थ नव्हता.

"बाझिल, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत मी स्वयंपाकघरात पडले होते, आठवतं?"

"तू झोपली होतीस. मी पांघरूण घातलं."

"झोपले नव्हते रे. हृदय बिघडलंय माझं. पोस्टमन आला म्हणून वाचले. पुढच्या वेळी कुणी आलंच नाही, तर तू तसाच बसून राहशील, उपाशी, थंडीत."

"तू दमली होतीस ना, म्हणून गप्प बसलो." तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "आता उठवीन. जोरात हाक मारीन. शप्पथ!"

ती बाकावरून उठली. त्याचा हात धरून गाडीकडे निघाली. तो आला. तिच्यामागून न येणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

संस्थेच्या दारात तरुण परिचारिका हसून म्हणाली, "या बाझिल! आज जेवायला सशाचा रस्सा आहे बरं का."

त्याने ओदेतची बाही घट्ट धरली होती. "तुमच्याकडे फोन आहे?"

"आहे की."

"रोज सकाळी हिला लावा. उठली नाही तर परत लावा. ती दमलीय असं म्हणून थांबू नका."

परिचारिकेचं हसू मावळलं. तिने होकाराची मान डोलावली. बाझिलने ते नीट पाहून घेतलं, आणि मग एकेक बोट उचलत बहिणीची बाही सोडली.