पाण्यात हात नको

"जोर नका लावू, मावशी. दाबलं की उलट पुसट येतं."

शकुने बोटं उचलली, पदराला पुसली आणि परत काचेवर टेकवली. हिरवा उजेड बोटांखालून सरकला. पडद्यावर पुन्हा लाल फुली.

"काम काय करता तुम्ही?" काउंटरमागच्या सुबोधने विचारलं. अंधेरीच्या त्या व्हिसा सेंटरमध्ये न ओरडता बोलणारा तो एकटाच होता.

"धुणी, भांडी, स्वयंपाक. मस्कतला."

"रेषाच राहिल्या नाहीत हो. दोन-तीन बोटंच येतायत."

"मशीन बदलून बघा की."

"तिसरं आहे हे, मावशी." तो जरा पुढे वाकला. "असं करा, हातांना सुट्टी द्या. पाणी नको, साबण नको. रात्री व्हॅसलीन चोपडायचं. शुक्रवारी या."

"आणि तोवर करू काय? पंख्याखाली बसू, सासूसारखी?"

"बसा की. कधी बसलात?"

शकुने बोटं पुन्हा पदराला पुसली आणि पिशवी उचलली.

मस्कतला ज्या म्हातारीकडे ती इतकी वर्षं होती, ती वारली. नवं घर मिळालं, पण नव्या व्हिसाला बोटांचे ठसे हवेत. शुक्रवारपर्यंत ते गेले नाहीत तर त्या घरासाठी दुसरी बाई तयारच होती. इकडे घाटकोपरला जावयाचं, प्रितमचं, काम लागायचं नि सुटायचं. घर चालायचं ते शकुच्या पगारावर. त्यातच लेकीचं, सपनाचं, पहिलं बाळंतपण. ते माहेरी करायचं म्हणून सपना आईच्या बंद खोलीचं कुलूप काढून राहायला आली, आणि माहेर तिच्यामागून विमानाने आलं.

नातीला न्हाऊ घालायचं, एवढंच शकुने येताना ठरवलं होतं. आता मालिशवाली जयंती रोज सकाळी यायची, मोरीत पाय पसरून बसायची, नडग्यांवर पोरीला पालथी घालायची आणि तेल जिरवता जिरवता सगळ्या चाळीच्या बातम्या सांगायची. शकु उंबऱ्यावर बसून बघायची. व्हॅसलीन पुसलं जाऊ नये म्हणून हातांत प्रितमचे लोकरीचे मोजे.

"मुंबईत थंडी पडली वाटतं," सपना म्हणाली.

"गप गं."

"मावशी, तुम्ही राणी झालात," जयंती म्हणाली. "आमच्या नशिबी कुठले मोजे!"

पोर रडायला लागली की शकु मोज्यांसकट हात पुढे करायची. पोर लोकरीला गाल लावायची आणि आणखी जोरात रडायची. मग जयंती घ्यायची, आणि ती गप्प व्हायची. शकुला वाईट वाटायला हवं होतं. ती वाट बघायची, पण आत काही हलायचं नाही. परक्या घरात इतकी वर्षं काढली की असं होत असावं, असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी सपना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नाही आले ठसे तर नाही आले. राहशील इथेच."

"आणि खाशील काय? मोजे?"

सपना हसली.

शुक्रवारी सुबोधने तिच्या बोटांवर ओला रुमाल फिरवला, ती सुकू दिली आणि एकेक बोट स्वतः काचेवर अलगद ठेवलं. एक आलं. दुसरं आलं. अंगठ्याने दोनदा नखरे केले, मग तोही आला. पडद्यावर गोल गोल रेषा उमटल्या, मध्ये मध्ये तुटलेल्या, पण रेषाच.

"आले की, मावशी! जा आता. खुशाल भांडी घासा."

मागच्या रांगेतली एक बाई उगाचच टाळ्या वाजवायला लागली. शकुने पडद्याकडे पाहिलं. ही आपली बोटं, एवढंच तिच्या मनात आलं.

घरी सपनाने दारातच विचारलं, "झालं?"

"झालं. पुढच्या आठवड्यात निघायचं."

"बरं झालं," सपना म्हणाली, आणि पोरीच्या दुपट्याची उगाच दोनदा घडी घालत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंती मोरीतून स्वतःच उठली. "या मावशी, आज तुम्ही. एकदा गेलात की कुठली हाताला लागतेय ती!"

शकु पाटावर बसली. साडी वर खोचली, पाय पसरले. जयंतीने तेल लावलेली पोर तिच्या नडग्यांवर ठेवली. शकुने बादलीत बोटं बुडवली आणि थांबली. पाण्यातून वाफ निघत होती, ती दिसत होती. बोटांना मात्र ना गरम लागत होतं, ना गार. मस्कतला उकळत्या पाण्यातून ताटं काढताना हे कधी कळायची गरजच पडली नव्हती.

"जयंती, जरा बघतेस? कढत नाही ना?"

जयंतीने सपनाकडे पाहिलं. सपना खाटेवरून उठली, मोरीशी येऊन बसली आणि बादलीत हात घातला.

"बरोबर आहे, आई. घाल तू."

शकुने पहिला तांब्या भरला. मग दुसरा. सपनाने हात बादलीतून काढला नाही.