मेलेल्याचं काम

"रडा ना, बाई! नवरा मेलाय तुमचा!" कृष्णकांत साहेब टाळी वाजवून म्हणाले.

हंसा रडली नाही. तालमीसाठी कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवून केलेल्या जागेत एकनाथ मेल्यासारखा पडला होता आणि ती त्याच्या उशाशी बसली होती. भोपाळच्या गॅसनंतर बोईसरच्या कारखान्यांना सुरक्षेची फार आठवण होऊ लागली होती. या केमिकल कंपनीने तर कामगारांना नाटकातून धडे द्यायला मुंबईहून खास हा साहेब आणला होता. नाटक सोपं होतं. एक कामगार मास्क न लावता टाकीत उतरतो, गुदमरून मरतो आणि त्याची बायको म्हणते, "धनी, मास्क लावला असतात तर माझं कुंकू राहिलं असतं!"

हंसाचा नवरा जानू याच कंपनीच्या टाकीत गुदमरून मेला होता. त्याच्या जागी तिला पॅकिंगमध्ये घेतलं होतं.

"साहेब, मलाच कशाला निवडली?"

"तुम्ही अनुभवलंय ना," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "लोकांच्या काळजाला भिडेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जानूला मास्क मिळालाच नव्हता. मास्क स्टोअरच्या कपाटात कुलपात होते आणि सुपरवायझर म्हणाला होता, "पाच मिनटांचं काम हाय, रुमाल बांध नि उतर." टाकीच्या तोंडाशी दोर धरून हाच एकनाथ उभा होता. दिवसकार्याला तिच्या दांडी गावी येऊन त्यानेच रडत रडत हे सांगितलं होतं. चौकशीत मात्र म्हणाला, "मना नाय म्हायीत."

"उद्या बोलते," हंसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत मॅनेजर लोक बसले, मागे सगळी पाळी. एकनाथ टाकीत उतरला, तडफडला, मेला. हंसा आली. खाली बसलीच नाही.

"मास्क कपाटात व्हता!" ती ओरडली. "कपाटाला कुलूप व्हतं! माझ्या जानूनं मागितला व्हता. यानं ऐकलंय! ए एकनाथ, ऊठ! दोर धरून तूच व्हतास ना? सांग या लोकांना!"

एकनाथच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी निघून कानात उतरलं. पण तो मेलेलाच राहिला.

"अरं, ऊठ ना!"

"वा! वा!" कृष्णकांत साहेब एकदम टाळ्या वाजवत पुढे आले. "काय जिवंत काम केलंत, बाई!" मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. हंसा त्या आवाजात उभी राहिली. दर्यात बुडणाऱ्याने हाका माराव्यात आणि काठावरच्यांनी त्याला हात हलवून दाखवावेत, तसं तिला झालं.

नंतर साहेबाने तिला बाजूला घेतलं. "उद्या दुसऱ्या पाळीला पुन्हा करायचंय. पण वाक्य मूळचंच म्हणायचं हं."

"रडाया दुसरी बघा," हंसा म्हणाली. "माझा मालक एकदाच मेलाय."

सकाळी तिला पॅकिंगमधून काढून मागच्या आवारात पिंपं धुवायला लावलं. उन्हात रबरी पाइप घेऊन ती केमिकलची पिंपं विसळत राहिली. दुपारी कॅन्टीनमधून हसण्याचा लोट आला. तिच्या जागी ऑफिसातल्या नरहरी क्लार्कने डोक्यावर पदर घेतला होता. हंसाने नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज मोठा झाला, तरी हसणं ऐकू येतच होतं.

पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटून तिने वळून पाहिलं. एकनाथ होता. तोंडाला नाटकातला पांढरा रंग.

"वैनी," तो म्हणाला, "मी निघून आलो."

"मग मेलेल्याचं काम कोन करतंय?"

"करंल कोनीतरी."

तिने पुढचं पिंप ओढलं. त्याने बाह्या सारल्या, भिंतीशी पडलेला ब्रश उचलला आणि एक पिंप आडवं करून आतून घासू लागला. हंसाने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचं पिंप घासून झालं, तेव्हा पाइप मात्र तिने तिकडे वळवला.