भोपू, पिटकी आणि माझे लाल बटण

मित्रांनो, मी जॉयस्टिक आहे आणि जुनी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधी कानात नीट घाला, म्हणजे पुढचे बोलायला बरे. व्हिडिओ गेम खेळताना तुम्ही जिला दोन्ही हातांत धरता, अंगठ्यांनी बडवता आणि हरलात की गादीवर आपटता, तीच मी. आज मी एका खणात पडून आहे. माझे दोन अर्धे रबरबँडने बांधून ठेवले आहेत. सोमवारी एक वाईट गोष्ट घडणार आहे आणि ती अडवायला मला ना हात ना पाय. म्हणून तुम्हाला सांगते. लक्ष द्या, चुळबूळ नको.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावरून मी सरकत होते आणि दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात तारांची हिरवी पाटी बसवली, दुसरीने तिच्यावर रबराची चटई अंथरली, तिसरीने बटणे ठेवली : लाल, निळे, हिरवे, पिवळे. शेवटी एका लोखंडी बोटाने माझे एकेक बटण हजारो वेळा दाबून पाहिले. माझ्या शेजारची त्यात गेली. मी टिकले. ते चार रंग हीच माझी बाराखडी. त्यापुढे मी शिकले नाही आणि त्याची मला लाजही नाही. शिकल्यासवरलेल्यांनी काय दिवे लावले ते आता ऐकालच.

तिथून मी आले ती परीक्षणाच्या खोलीत. मुलांसाठी नवा गेम निघाला की दुकानात जाण्याआधी तो या खोलीत येतो. मुलांच्या हातात द्यावा असा तो आहे का, आणि नीट खेळता येतो का, हे इथे ठरते. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. एक टीव्ही, मधोमध खचलेला सोफा, खिडकीला पट्ट्यांचा पडदा आणि त्यातली एक पट्टी कायम वाकडी. खोली चालवायच्या त्या बाई, आधी बालवाडीत शिकवायच्या. कोपऱ्यातल्या टेबलावर दुरुस्तीवाले मामा बसायचे. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

दहा वर्षे मी तिथे राबले. किती हात पाहिले म्हणून सांगू! नखे खाल्लेले, शाईने माखलेले, बिस्किटाच्या चुऱ्याने चिकट झालेले. मित्रांनो, पडद्याकडे सगळे बघतात, हातांकडे कोणी बघत नाही. खेळ रंगला की अंगठे हलके होतात. कंटाळा आला की एकाच बटणावर उगाच टकटक सुरू होते. भीती वाटली की तळवे ओले होतात. एखादा पठ्ठ्या तोंडाने म्हणायचा, "मी कुठे घाबरलो?" आणि इकडे माझ्या पाठीवरून त्याचा घाम ओघळत असायचा.

बाई तेव्हा प्रत्येक गेम आधी स्वतः खेळायच्या. हरल्या की माझ्यावरच ओरडायच्या, जिंकल्या की सोफ्यावर बसल्या जागी उड्या मारायच्या. एकदा मामांना म्हणाल्या, "मामा, ही आहे ना, तोवर मी डोळे मिटून काम करीन." ऐकून मी फुगले. खोटे कशाला बोलू?

आणि झालेही तसेच. वरून एक छापील तक्ता आला. चाळीस रकाने. रक्त आहे का? शिवी आहे का? बंदूक आहे का? भूत आहे का? बाई सोफ्यावरून उठून खुर्चीत जाऊन बसल्या, हातात पेन घेतले आणि खरोखरच डोळे मिटले. मुलांनी खेळायचे, त्यांनी पडद्याकडे बघून खुणा करायच्या. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही हातात धरले नाही. हातात पेन आले होते ना! पेनाला घाम कळत नाही.

मग मागच्या आठवड्यात भोपू-पिटकीचा गेम आला.

ते कार्टून तुम्ही पाहिले असेल. भोपू हत्तीचे पिल्लू आणि पिटकी त्याची धाकटी बहीण. ती सोंडेने त्याची शेपटी धरून चालते. चुकून सुटलीच, तर खालून ढग येतो, तिला उचलतो आणि दोघे खिदळत पुढे जातात. कार्टून गोड आहे, माझी तक्रार नाही. त्याचा गेम घेऊन जो माणूस आला, त्याला मामांनी पाठीमागे नाव ठेवले होते गोडबोल्या.

"बाई, यात नापास करण्यासारखं आम्ही काही ठेवलंच नाही," तो म्हणाला. "रक्त नाही, मारामारी नाही. भावा-बहिणीची माया आहे. आणखी काय पाहिजे?"

"बघू की," बाई म्हणाल्या आणि पेनाचे टोपण काढले.

खेळ असा : आपण भोपू व्हायचे आणि पिटकीला मागे घेऊन तुटका पूल ओलांडायचा. लाल बटण म्हणजे उडी. उडी चुकली की पिटकीची सोंड सुटते, ती दरीत पडते आणि पडताना ओरडते, "दादा, सोडलंस मला!" गेममध्ये ढग नव्हता. तो करायला वेळ पुरला नसेल. ओरडणे मात्र अगदी मन लावून केले होते.

पहिला मुलगा दहा मिनिटांत "पाणी पिऊन येतो" म्हणून जो गेला तो परत आला नाही. दुसरी मुलगी थोड्या वेळाने पिटकीला मुद्दाम पाडू लागली आणि पाडून हसू लागली. ते हसणे मला आवडले नाही. मग झिपरी आली.

झिपरी बाईंच्या बहिणीची मुलगी. सात वर्षांची, केसांशी जन्माचे वैर, आणि तोंड असे की घड्याळाने लाजावे. घरी चार वर्षांचा भाऊ आहे, त्याला ती छोट्या म्हणते आणि त्याची मालकीण असल्यासारखी वागते. भोपू-पिटकीचे कार्टून तिला तोंडपाठ. त्यातले गाणे गुणगुणतच ती सोफ्यावर बसली.

"मावशी, बघच तू. मी हिला एका दमात पलीकडे नेते."

तिने लाल बटण दाबले. पिटकी पडली.

"अगं बाई! थांब हं पिटके, आलेच मी."

पुन्हा दाबले. पुन्हा पडली. "दादा, सोडलंस मला!"

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण सगळे इथेच आहे. तिने बटण दाबले त्याच क्षणी मी निरोप धाडत होते. माझ्याकडून तिळाएवढाही उशीर नव्हता. पण गेम तो निरोप घेऊन बसून राहायचा आणि पापणी लवेल एवढ्या वेळाने भोपूला उडवायचा. तोवर भोपूचा पाय पुलावरून सुटलेला असायचा. पोरगी अचूक होती. मी अचूक होते. खोट त्या खेळात होती.

पाचव्यांदा पिटकी पडली तेव्हा झिपरीचे गाणे बंद झाले. सातव्यांदा बोलणे बंद झाले. अकराव्यांदा तिने पापणीही हलवली नाही. तिचे हात असे ओले झाले की मी त्यांतून निसटू लागले आणि ती मला आणखी घट्ट आवळू लागली. मी आतून आक्रोश करत होते, "पोरी, तुझे चुकत नाही गं! ठेव मला खाली!" कोण ऐकणार? मला फक्त थरथरता येते आणि तेही गेमने हुकूम दिला तर. हुकूम कधी यायचा ठाऊक आहे? पिटकी पडली की. म्हणजे त्या लेकराला शिक्षा माझ्याच अंगातून मिळत होती.

गोडबोल्याने मान तिरकी केली. "बाई, ही जॉयस्टिक कुठल्या जमान्यातली? हिचं बटण दमलंय. आमच्याकडे गेम लोण्यासारखा चालतो."

दमलंय म्हणे! तुझी जीभ दमत नाही ती!

"झिपरे, बटण अडकतंय का गं?" बाईंनी खुर्चीतूनच विचारले.

झिपरीने माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे. "नाही मावशी. मलाच येत नाहीये."

"पण खेळ आवडला ना?"

"हो."

एवढासा हो. बाईंनी खूण केली. चाळीस रकान्यांत चाळीस खुणा. मग मोठ्याने म्हणत खाली लिहिले : सहा वर्षांपुढील मुलांसाठी योग्य. शेऱ्याच्या जागी लिहिले : जॉयस्टिक जुनी. पाकीट चिकटवले. मग माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून मामांपुढे टाकली. "मामा, हिला काढून टाका आता." दहा वर्षांच्या चाकरीला पाच शब्द, आणि तेही पाठ फिरवून.

मामा कोणतीही वस्तू आतले कामाचे काढल्याशिवाय फेकत नाहीत. त्यांनी माझे स्क्रू काढले, पेचकसाने मला उघडले. कडेचे प्लास्टिक तुटले, मला दुखले, पण आज त्याचे काही नाही. आत बघून मामा थांबले. मग त्यांनी दोन तारांचे यंत्र माझ्या पाटीला लावले आणि लाल बटणाची जागा दाबली. टुंग. पुन्हा दाबली. टुंग.

"बाई, जरा इकडे या."

"मामा, पाकीट न्यायला माणूस खाली उभा आहे."

"उभा राहू दे. ही ठणठणीत आहे. दाबल्याबरोबर बोलतेय. आणि हे काय आहे ते बघा."

त्यांनी रबराची चटई उचलली. खाली पाणी होते. नुसता दमटपणा नव्हे, थेंब. "दहा वर्षं उघडतोय हिला," मामा म्हणाले. "एवढा घाम कधी पाहिला नाही. आज हिच्यावर कोण रडलं?"

 बाई झिपरीला शोधू लागल्या. ती खिडकीच्या वाकड्या पट्टीकडे तोंड करून उभी होती आणि हात फ्रॉकला पुसत होती. पुसतच होती.

"हात दाखव बघू."

उजव्या अंगठ्यावर बटणाचा लालभडक गोल उमटला होता.

"अगं, मग बोलली का नाहीस? एरवी तर कान किटवतेस माझे!"

झिपरीने हात मागे घेतला. "मला वाटलं मीच वाईट आहे. मावशी, छोट्याला शाळेत सोडताना पूल लागतो. मी त्याचा हात धरते. मी पण असंच सोडलं त्याला तर?"

 बाईंनी मला मामांच्या टेबलावरून उचलले, माझे दोन अर्धे रबरबँडने बांधले आणि चार वर्षांनी त्या खचलेल्या सोफ्यावर येऊन बसल्या. गोडबोल्या म्हणाला, "बाई, वेळ जातोय." त्या खेळू लागल्या. पिटकी पडली. पडली. पुन्हा पडली. त्यांचे तळवे माझ्या पाठीवर ओले होताना मला कळले, आणि मित्रांनो, त्या रागावलेल्या हातांत मी एकदाच सुखाने श्वास घेतला.

त्यांनी पाकीट फाडले. चाळीस रकान्यांवर आडवे मोठ्या अक्षरांत काय लिहिले ते मला वाचता आले नाही, पण मामांनी वाचून दाखवले : "हा गेम मुलाला त्याने न केलेल्या चुकीची शिक्षा करतो. देऊ नये."

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. गोडबोल्या पायऱ्या उतरला नाही, चढला. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले की रकान्यांवर आडवे लिहिणे नियमात बसत नाही. बाईंना रजेवर पाठवले. सोमवारी नवे परीक्षक येणार आहेत. नवी जॉयस्टिक आली आहे, बिनवायरची, गुळगुळीत, फडक्याने एकदा पुसली की कोरडी. गेम जसाच्या तसा आहे. मामांनी गुपचूप लावून पाहिला, उडी अजून उशिराच लागते. बदलला तो फक्त खोका. मामा साहेबांकडे दोनदा जाऊन आले. "तुम्ही पेचकस सांभाळा," असे ऐकून परत आले.

आणि मी? बाईंच्या त्या शेवटच्या खेळात माझे लाल बटण आत गेले ते वर येत नाही. कोणी मला उघडले तरी आता मी साक्ष द्यायच्या कामाची नाही. ती नवी नकटी माझ्या खणावरच्या टेबलावर चमकत बसली आहे. तिला काय कळते! तिच्या अंगावर अजून एकही मूल रडलेले नाही.

म्हणून बाळांनो, तुमच्या पाया पडायचे तेवढे बाकी आहे, आणि मी कोणाच्या पाया पडणारी नव्हे. सोमवारी त्या सोफ्यावर तुमच्यापैकीच कोणीतरी बसेल. किंवा तुमच्या घरी, तुमच्या टीव्हीसमोर, दुसऱ्याच कुठल्या गोंडस खोक्यातला खेळ सुरू असेल. हात ओले झाले, पोटात गोळा आला, की खेळ खाली ठेवा. कार्टून लाडके असले तरी ठेवा. आणि कोणी विचारले, "आवडला ना?" तर समोरच्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणू नका. मोठी माणसे वाईट नसतात, त्यांना फक्त कोणीतरी मोठ्याने सांगावे लागते. तीनच शब्द आहेत : उडी उशिरा लागते. म्हणा पाहू, सगळ्यांनी, इथे खणात मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.