इश्श आणि इश

आर्किटेक्चरच्या त्या नावाजलेल्या फॅकल्टीने स्वानंदीला नाकारलं ते एका शब्दापायी. मार्क उत्तम, ड्रॉइंग उत्तम, पण मुलाखतीत पोरगी सारखी 'वीर, वीर' करत राहिली. जर्मनमध्ये वीर म्हणजे आम्ही. आम्ही हे केलं, आम्ही ते ठरवलं. कारण विचारायला फोन केला तेव्हा तिकडच्या बाई थंडपणे म्हणाल्या, "तुम्ही स्वतः काय केलंत, तेच आम्हाला कळलं नाही."

यात चूक आईची, असं स्वानंदीचं ठाम मत. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये वाढलेल्या या मुलीला प्रभाने लहानपणापासून एकच गोष्ट घोटून शिकवली होती: सारखं मी मी करू नये. चित्राला बक्षीस मिळालं तरी "बाईंनी छान शिकवलं" म्हणायचं. प्रभा स्वतः तर कुणी नुसतं कौतुक केलं तरी "इश्श, त्यात काय!" म्हणून मोकळी होई. आणि जर्मनमध्ये 'मी'ला म्हणतात 'इश'. घरात इश्श म्हणून लाजायचं आणि दाराबाहेर इश म्हणून छाती पुढे काढायची! पोरीने करायचं तरी काय?

ते वर्ष तिने एका साध्या कॉलेजात दातओठ खात काढलं. तिथून बदली घेऊन त्याच फॅकल्टीत तिसऱ्या सेमिस्टरला घुसायचं, हा तिचा हट्ट. कुणी सोडून गेलं तरच तिथे जागा होते. यंदा एकच झाली होती, आणि तिसऱ्या सेमिस्टरनंतर ते कुणाला घेत नाहीत. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

मुलाखतीला जाताना ट्रेनमध्ये प्रभाने विषय काढलाच. "ते बसस्टॉपचं मॉडेल तुम्ही तिघांनी केलंय ना? मग त्या दोघांची नावं आधी घे. बरं दिसतं."

"नाइन, आई! नाही म्हणजे नाही!" स्वानंदी एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला. "आज फक्त इश!"

"अगं, हळू. मिळेल आपल्याला सीट."

"आपल्याला नाही, मला!" हे मात्र ती स्वच्छ मराठीत म्हणाली. प्रभा खिडकीबाहेर बघत बसली.

आत तिघे परीक्षक होते. स्वानंदीने 'इश'चा सपाटा लावला. छप्पर मी, बाक मी, सांधा मी. मधल्या प्रोफेसरबाईंनी मॉडेल फिरवून पाहिलं. "ग्रुप प्रोजेक्ट आहे ना हा? मग बाकीचे कुठे गेले?"

स्वानंदीच्या डोक्यात तिडीक गेली. "गेल्या वर्षी आम्ही म्हटलं, तर तुम्ही विचारलंत तू कुठे आहेस. आज मी म्हटलं, तर विचारताय बाकीचे कुठे! घरी स्वतःचं नाव घेतलं की आई डोळे वटारते, इथे नाही घेतलं की तुम्ही. ऐका आता. छप्पर योनासचं. बाक लेनाचा. घडी होणारा हा सांधा माझा, आणि तो नसला तर काय होतं बघा!"

तिने सांध्याची खीळ उपसली. छप्पर टेबलावर कोसळलं.

"आता परत बसवा," बाई म्हणाल्या.

तिने खीळ सारून छप्पर परत बसवलं. बाहेर आल्यावर मात्र तिला रडू आवरेना. गेली सीट, आपल्याच तोंडाने घालवली, असं म्हणत ती घरापर्यंत धुमसत राहिली.

पण प्रवेश मिळाला. ईमेल आली तेव्हा प्रभा स्वयंपाकघरात होती. तिने लगेच नवऱ्याला, हृषिकेशला, कारखान्यात फोन लावला. "अहो, ऐकलंत का? तिला मिळाली सीट. हो, तीच. तिची तिने मिळवली. आपण काय केलं त्यात? काहीच नाही."

वर्षभर स्वानंदीला नेमकं हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर ते तिला टोचलं. ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, आपल्याला मिळाली म्हण ना."

"इश्श, माझं काय त्यात," प्रभा म्हणाली. पण ती वळली नाही.