पिल्लांवरची मरळ

माझ्या माहेरच्या तळ्यात त्या साली नक्की किती मरळी होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रत्येकाकडे आपला आकडा तयार होता. वडील म्हणत पन्नास. गावातले गुंडातात्या म्हणत, दोनशे तर कुठं गेल्या नाहीत. आई म्हणे, "मला दोन दिसल्या. त्यातला एक बेडूक असंल."

तळं लहानसंच. बिरोबाच्या माळाखाली बांध घालून अडवलेलं पाणी. तोंडात पान टाकून निघालं तर ते रंगायच्या आत काठ फिरून होतो. लढाईच्या दिवसांत विहीर फोडायला आणलेली सुरुंगाची दारू कुणीतरी त्यात टाकली. सगळी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगली, गावानं पाट्या भरभरून नेली, आणि पुढं दोन वर्षं त्या पाण्यात बोटभर चिल्लर सोडून काही दिसलं नाही. मग माझे वडील, लालासाहेब, स्वतः बैलगाडी जुंपून कृष्णेवर गेले आणि ओल्या पोत्यांत गुंडाळून सात मरळी घेऊन आले. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून पाण्याबाहेरही बराच वेळ टिकते. तरी एक वाटेत मेलीच. उरलेल्या सहा तळ्यात सोडल्या आणि बिरोबापुढं नारळ ठेवून गावानं शब्द दिला: तीन श्रावण सरेपर्यंत या पाण्यात जाळं पडणार नाही, गळ पडणार नाही.

तिसरा श्रावण सत्तेचाळीस साली आला, आणि नेमका अधिक आला. एकापुढं एक असे दोन श्रावण. गुंडातात्या आणि त्यांच्या बाजूचे म्हणू लागले, पहिला सरला की शब्द फिटला. वडील म्हणत, अधिक महिना हिशेबात धरायचा नसतो, निज श्रावण सरू द्या. वाद चावडीवर रोज व्हायचा. तिथं झेंड्यासाठी सरळ बांबू निवडायचं काम चाललं होतं, त्यामुळे माणसं आयतीच जमलेली असत. निकाल कुणीच लावला नव्हता. सगळं नुसतं वडिलांच्या शब्दावर अडून राहिलं होतं.

आणि त्याच अधिक महिन्यात, धोंड्याचं वाण घ्यायला, माझे यजमान आले.

इथं मागचं थोडं सांगायला हवं. पंधरा महिन्यांपूर्वी अक्षय तृतीयेला आमच्या एका चुलत्यांनी भर पंगतीत यांना विचारलं होतं, "जावईबापू, फौजेत बंदूक धरली का नुसते बटाटे सोलले?" सगळे हसले. हे ताटावरून उठले. एवढंच म्हणाले, "पिशवी आण." त्या दिवसापासून माझं माहेर बंद झालं. पहिलं बाळंतपणसुद्धा कडेगावाकडच्या सासरी झालं. माला नऊ महिन्यांची झाली तरी आईनं तिला पाहिलं नव्हतं. वडिलांनी धोंड्याचं आमंत्रण तीनदा धाडलं, तेव्हा कुठं हे यायला तयार झाले. गाडीत सगळी वाट मी एकच विचार करत होते: या चार दिवसांत कुणी काही वावगं बोलू नये. कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई मी, पण माझं सगळं लक्ष यांच्या मानेकडे असायचं. राग आला की बोलण्याआधी ती लाल व्हायची.

आल्या संध्याकाळीच यांनी कापडी पिशवीतून गळाची काठी काढली. तीन तुकड्यांची, एकात एक बसणारी, आणि बुडाशी पितळी चकरी. फौजेतल्या साहेबानं निरोप घेताना दिलेली. आमच्या सासरी ओढ्याला पावसाळ्यापुरतं पाणी. तिथं ती काठी खुंटीला टांगलेली असे.

"मामा, लय दिवस झालं बगा, चकरी फिरली न्हाई," हे म्हणाले.

वडिलांनी अडकित्ता उघडला, मिटला. "काठी नामी हाय जावईबापू."

"तळ्यात मासा कसा हाय?"

"हाय की. वाढतोय."

"मग उद्या बघावं म्हंतो."

वडील सुपारीकडे बघत राहिले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, त्यातून हा जावई. "बघा की," ते म्हणाले. "तळं बघायला काय." यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आईनं आतून माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

मला वाटलं, वडील जे बोलू शकत नाहीत ते मी समजावून सांगेन. सकाळी मालाला कडेवर घेऊन मी यांना बांधावर नेलं. तिला रात्री थोडी कणकण होती. कुंची दोनदा आवळून बांधली. दगडी सांडव्याजवळ लव्हाळ्याच्या आडोशाला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, सुपाएवढा तांबूस डाग हलत होता. पहाटे पाण्याला आले होते, तेव्हाच मी तो हेरून ठेवला होता.

"ती बघा. मरळीची पिल्लं. शेकड्यांनी असतील. सगळी एकदम वर येतात, हवा घेतात, एकदम खाली जातात. आणि खाली आईबाप दोघंही राखणीला असतात. महिनाभर हलत नाहीत. दुसरा मासा जवळ आला की फाडतात. म्हणून तर बाबा म्हणतात, निज श्रावण सरेपर्यंत थांबा. तोवर पिल्लं सुटी होतात." मला आपलं बोलणं चांगलं जमलं असं वाटत होतं.

हे डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होते. चेहरा एकदम उजळला. "अगं, पिल्लांवरची मरळ! हिच्यासारखं सोपं कायच न्हाई. भूक नसली तरी अंगावर येती. पुढ्यात नुसता बेडूक नाचवायचा."

मी दाखवायला नको ते नेमक्या माणसाला दाखवलं होतं.

"अहो, नका ना. बाबांच्या शब्दावर गाव थांबलंय."

"तुझ्या बाबांनी मला कुटं न्हाई म्हटलं?"

ते खरंच होतं. ते बेडूक शोधायला लव्हाळ्यात शिरले, काठी जोडली. मी मालाला घट्ट धरून उभी राहिले. ओरडावं तर बांधापलीकडे गुंडातात्या म्हशी पाण्यावर आणत होते. बेडूक त्या तांबड्या डागाच्या कडेला पडला, एकदा हलला, आणि पाणी फुटलं. चकरी कर्र करून फिरली. माला दचकून रडायला लागली. थोड्या वेळानं काळीशार, सापाच्या डोक्याची मरळ गवतावर आपटत होती, आणि यांच्या तोंडावर मी लग्नापासून न पाहिलेलं हसू होतं. नऊ महिन्यांच्या मुलीला ती मरळ दाखवत म्हणाले, "बघ, बघ, तुझ्या आज्याच्या तळ्यातली!"

म्हशी पाण्यात तशाच सोडून गुंडातात्या गावाकडे वळलेले मी पाहिले.

घरी आलो तर आई दारात आडवी उभी. वरवर बोलणं माझ्याशी, रोख जावयाकडे. "अक्का, धोंड्याचा महिना हाय. माझ्या चुलीवर पुरण शिजतंय. त्याच्या शेजारी ह्ये शिजायचं न्हाई. जावयाला काय हवं ते देईन, पर पोळा झाल्याबिगर मासळी न्हाई."

"आई, हळू गं."

"हळूच बोलतीया."

हे अंगणात थांबले. हातात जिवंत मरळ, आणि ती ठेवायला जागा नाही. शेवटी मीच गुरांच्या पाण्याचा हंडा पुढं ओढला. मरळ त्यात गोल फिरून तळाशी बसली.

तेवढ्यात अंगणात माणसं आली. सातआठजण असतील. पुढं गुंडातात्या, खांद्यावर जाळं.

"आवं लालासाहेब, येक इचारायचं हुतं. गळ चालतू, तर जाळ्यानं काय पाप केलंय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "जावयाचा गळ सोन्याचा असंल, गड्या."

हसले सगळे. वडील ओसरीवरून उतरले. जावयानं चुकी केली म्हणावं तर जावई गेला, आणि त्याच्याबरोबर लेक आणि नात. चालतं म्हणावं तर दुपारपर्यंत तळ्यात जाळी पडणार, आणि सहा मरळींची तीन पावसाळ्यांची वाढ संध्याकाळी पाट्यांत. ते पायाच्या अंगठ्यानं अंगणातली माती उकरत राहिले. वडिलांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

यांची मान लाल झाली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवी आण."

तेच दोन शब्द. मला पुढचं सगळं दिसलं: परतीची गाडी, आईचा हात मालाच्या कुंचीवरून निसटलेला, आणि मग किती वर्षं कुणास ठाऊक. मी आत गेले नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पुरुषांच्या मध्ये बोलले, जे त्या अंगणात मी आधी कधी केलं नव्हतं.

"गुंडातात्या, मासा मी मागितला होता."

"तू?"

"मीच. तिसरा श्रावण सरल्यावर गाव जाळी घेऊन उतरणार आणि मासा वीतभर निघाला तर? म्हणून एक काढून बघायचा, मोजायचा आणि परत सोडायचा, असं आमचं ठरलं होतं. म्हणून तर हंड्यात जिवंत ठेवलाय. खायचा असता तर आत्तापर्यंत चिरला नसता?"

गुंडातात्यांनी हंड्यात वाकून पाहिलं. "कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

"हेही शिकवतात."

"मोजायला गळ लागतू, तर मोजायला जाळं बी चालंल की. आमी बी मोजतो!"

पुन्हा हशा. आता सगळं यांच्यावर होतं. एक शब्द "खोटं बोलती" असा आला असता, तर मी आणि वडील दोघंही गावापुढं उघडे पडलो असतो. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या सारल्या, हंड्यात दोन्ही हात घातले आणि मरळ उचलून आपल्या हातावर आडवी धरली.

"कोपरापासनं बोटांपतूर, आन् वर चार बोटं," ते म्हणाले. आवाज कवायतीचा होता. "दोन वर्सांत येवढी. तळ्याला खाणं हाय. पर गुंडातात्या, ही पिल्लांवरची हाय. आत्ता जाळं घातलं तर मोठी गावतील, न्हाई म्हणत न्हाई. लय सोपं हाय, मी आत्ताच केलं. पर खाली राखायला कोण न्हाई म्हटल्यावर पिल्लं आठ दिसांत खंड्याच्या पोटात. म्होरल्या साली काय काढाल? चिखल?"

"म्हंजे निज श्रावण सरंपतूर?"

"मी मासा मारनारा मानूस. मलाच ईचाराल तर, सरंपतूर."

गुंडातात्यांनी जाळं खांद्यावरून काढलं. पण त्यांनी ते नुसतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग जावईबापू, श्रावण सरला की पयला गळ तुमचा नसंल बरं. पयलं जाळं माजं."

"तुमचंच," वडील म्हणाले. एवढ्या वेळात त्यांनी तोंड उघडलं ते हेच. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि लेकीनं गावापुढं खोटं बोलावं हे त्यांना आवडलं नव्हतं, हेही मला कळलं. आजतागायत त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही.

हंडा घेऊन आम्ही दोघंच सांडव्यावर गेलो. मालाला आईकडे ठेवायला मन होत नव्हतं, पण ठेवली. यांनी मरळ पाण्यात धरून ठेवली, मग हात सैल केले. ती क्षणभर तशीच राहिली आणि बुडाली.

"खोटं कुणासाठी बोललीस? माझ्यासाठी का बापासाठी?"

मी विचार केला. काही गोड सांगता आलं असतं.

"माझ्यासाठी. तुम्ही पिशवी आण म्हणालात."

ते बांधाच्या दगडावर बसले, काठीचे तुकडे सुटे करून कापडात गुंडाळले. पाण्यावरचा तांबडा डाग होता, पण सकाळी सुपाएवढा होता, आता ताटाएवढा. खंड्या समोरच्या बाभळीवर बसला होता. यांनी खडा मारून त्याला उठवला. तो गेला आणि पुन्हा तिथंच येऊन बसला.

"दोघं हायत का येकच उरलाय, ते कसं कळायचं?" मी विचारलं. घाबरले की माझ्याही बोलण्यात गावाकडचं येतं.

"हवा घ्यायला वर येत्यात ना. बघ नुसतं."

डागाच्या डाव्या अंगाला पाणी फुगलं, एक काळं थोबाड दिसलं न दिसलं आणि खाली गेलं.

"ह्यो येक," ते म्हणाले.

मी उठू लागले. मालाचं अंग तापलं असेल, तिला आजीचा हात नवा, रडत असेल, असं सगळं एकदम मनात आलं.

"बस," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीला आपल्याला कुटं जायाचंय? चार दिस म्हटलंय, चार दिस ऱ्हाऊ. बस जरा. दुसरा यायचाय अजून."

मी बसले. आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो.